चिंचणीचा ताम्रपट आणि हक्काचा हिशोब

बोईसरहून पश्चिमेला, समुद्राच्या कडेला असलेलं चिंचणी हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ सालापर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होतं. या गावात १९५५ साली काही जुने ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार या थोर पुराभिलेख-अभ्यासकाने ते वाचले आणि 'एपिग्राफिया इंडिका'च्या बत्तिसाव्या खंडात प्रसिद्ध केले. एकूण पाच दानपत्रं. त्यांतलं सर्वांत जुनं शके ८४८ चं, म्हणजे इ.स. ९२६ चं आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातलं हे दानपत्र संस्कृतात आहे आणि ते देणारा अधिकारी आहे एक 'ताजिक'. ताजिक हा शब्द त्या काळचे संस्कृत लेख अरबांसाठी वापरतात. या अधिकाऱ्याचं नाव मधुमती, दुसरं नाव सुगतिप, बापाचं नाव सहियारहार. मधुमती म्हणजे मुहंमद आणि सहियारहार म्हणजे शहरयार असावं, असं सरकारांनी मांडलं आहे.

या माणसाला राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संपूर्ण संयान मंडलाचा अधिकार दिला होता. संयान म्हणजे आजचं संजाण. चिंचणीच्या उत्तरेला, आता गुजरातच्या हद्दीत. आसपासच्या बंदरांचे प्रमुख त्याने आपल्या धन्यासाठी जिंकून घेतले आणि तिथे आपली माणसं नेमली, असं ताम्रपट सांगतो. पुढे तो सांगतो, की या सुगतिपाने दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली. म्हणजे होडीने पैलतीरी जायला उतारूला काही द्यावं लागू नये अशी सोय केली. संयानमध्ये अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. अन्नैया नावाच्या ब्राह्मणाने संयानला एक मठिका बांधली होती. त्याच्या विनंतीवरून आणि राजाच्या संमतीने सुगतिपाने कोलिमहार विषयातलं कणाडुक नावाचं गाव आणि देवीहार गावातली काही जमीन त्या मठिकेला लावून दिली. कशासाठी? मठिकेच्या डागडुजीसाठी, दशमी देवीच्या नैवेद्यासाठी आणि पंचगौडीय महापर्षदेतल्या नऊ जणांच्या जेवणासाठी.

हा ताम्रपट आपल्याकडे अधूनमधून भाषणांत येतो. पण तो दोनच प्रकारे येतो, आणि ते दोन्ही प्रकार मला अपुरे वाटतात.

दोन निकाल

पहिला प्रकार सलोख्याच्या व्यासपीठावरचा. वक्ता सांगतो, पाहा, अकराशे वर्षांपूर्वी एका मुसलमान सुभेदाराने देवीच्या नैवेद्याला गाव इनाम दिलं. टाळ्या पडतात. सुगतिपाच्या गळ्यात हार पडतो आणि भाषण पुढे सरकतं. दुसरा प्रकार व्यासपीठावरचा नाही. तो मशिदीच्या पायऱ्यांवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात ऐकू येतो. 'मुसलमानाने देवीच्या नैवेद्याला जमीन द्यायची? हा तर शिर्क झाला. असल्या माणसाचं कौतुक कशाला?' इथे सुगतिपाच्या गळ्यातला हार काढला जातो आणि त्याला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

दोघांचा निकाल वेगळा आहे, पण दोघांची रीत एकच. दोघंही सुगतिपाला एकट्याला उचलून तराजूच्या पारड्यात ठेवतात. एका पारड्यात माणूस, दुसऱ्या पारड्यात त्याचं कृत्य. काटा कुठे झुकतो ते बघायचं. पाप म्हणजे माणसाला चिकटलेला डाग आणि स्वातंत्र्य म्हणजे त्याच्या आत असलेली एक शक्ती, असं या रीतीत गृहीत धरलेलं असतं. मला वाटतं, पापाचा आणि स्वातंत्र्याचा विचार असा एकट्या माणसावर करता येत नाही. तो नात्यांवर करावा लागतो. कोणाचं कोणाशी काय नातं होतं, त्या नात्यात कोणाचा कोणावर काय हक्क होता, तो पाळला की मोडला, आणि पाळायची किंवा मोडायची मोकळीक कोणाला किती होती, हे विचारावं लागतं. ही कल्पना नवी नाही. आपल्या दीनमध्ये ती पहिल्यापासून आहे. आणि गंमत अशी की चिंचणीचा ताम्रपटसुद्धा तिच्याच भाषेत बोलतो.

ताम्रपट कोणाशी बोलतो?

दानपत्र म्हणजे एका माणसाच्या औदार्याची पाटी नव्हे. त्यात किती माणसं आहेत ती मोजून पाहा. वर राजा आहे, त्याची संमती लागते. मग सुगतिप आहे. त्याचा मंत्री पुव्वैया आहे. मागणारा अन्नैया आहे. मठिका आहे, तिची देवी आहे, जेवणारे नऊ जण आहेत. कणाडुक गाव आहे, त्याच्या चतुःसीमा आहेत. आणि या सर्वांच्या पलीकडे, जे अजून जन्मालाही आले नाहीत असे पुढचे राजे आणि अधिकारी आहेत. कारण दानपत्र खरं तर त्यांच्यासाठीच तांब्यावर कोरलेलं असतं.

त्या काळच्या दानपत्रांच्या शेवटी शापवचनं लिहायची पद्धत होती. दिलेली जमीन जो परत हिसकावील तो हजारो वर्षं नरकात पडेल, किडा होऊन जन्मेल, असा त्यांचा आशय. याच पद्धतीत असंही सांगितलेलं असतं, की स्वतः दान देण्यापेक्षा दुसऱ्याने दिलेलं पाळणं श्रेष्ठ. या वचनांतलं पाप कशाला म्हटलं आहे ते नीट पाहायला हवं. कोणी मनात काय आणलं, कोणाला शिवलं, काय खाल्लं, याला ते पाप म्हणत नाही. एकाने दुसऱ्याला दिलेला शब्द तिसऱ्याने मोडणं, याला ते पाप म्हणतं. राजा स्वतंत्र आहे, त्याच्या हाती फौज आहे, त्याला अडवणारं कोणी नाही, आणि नेमकं म्हणूनच त्याला पापाची आठवण करून दिली जाते. ज्याला मोडायची मोकळीक नाही त्याला शाप देण्याची गरजच पडत नाही.

आपल्या मराठीतले चार शब्द

आपण मराठी बोलतो तेव्हा या विषयाचे कितीतरी शब्द नकळत तोंडात येतात. फार्सीत 'गुनाह' म्हणजे पाप. मराठीने तो शब्द घेतला आणि त्याचा 'गुन्हा' केला, म्हणजे पोलिसांत नोंदवला जातो तो. अल्लाहपुढचं पाप आणि फौजदाराच्या वहीतली नोंद यांत फरक असतो हे खरं, पण आपल्या भाषेने दोन्ही एकाच शब्दावर आणून ठेवलं.

दुसरा शब्द 'जुलूम'. अरबीत 'जुल्म' म्हणजे वस्तू तिच्या जागेवरून हलवणं, ज्याचं त्याला न देणं. कुरआनात आदम आणि त्यांच्या पत्नीकडून चूक झाल्यावर ते जी दुआ मागतात (सूरह आराफ), तिच्यात हाच शब्द आहे: आम्ही आमच्या जिवावर जुल्म केला. तिथे ते माफी मागतात आणि त्यांना माफी मिळते. त्यांची चूक मुलाबाळांच्या रक्तात उतरत नाही. ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही, हे कुरआनाने एकापेक्षा जास्त ठिकाणी सांगितलं आहे.

तिसरा शब्द 'हक्क'. अरबीत हक म्हणजे सत्य, आणि हक म्हणजे दुसऱ्याचं आपल्याकडे असलेलं देणंही. आणि चौथा शब्द 'कसब'. मराठीत कसब म्हणजे हातातलं कौशल्य. अरबीत 'कस्ब' म्हणजे कमाई. या चौथ्या शब्दामागे मोठा इतिहास आहे.

बसऱ्याचा वाद

सुगतिप संयानचा कारभार पाहत होता त्याच वर्षांत, समुद्राच्या पलीकडे बसऱ्याला, माणूस स्वतंत्र आहे की नाही यावर मोठा वाद चालू होता. तो वाद पोथीतला नव्हता. उमय्या घराण्याच्या काळात राज्यकर्त्यांच्या बाजूने असं बोललं जाई, की जे घडतं ते अल्लाहच्या मर्जीने घडतं, तेव्हा आमची सत्ताही त्याचीच मर्जी. याविरुद्ध काही जण उठले आणि म्हणाले, माणसाला करण्याची ताकद आहे, म्हणून राज्यकर्त्यालाही जाब द्यावा लागेल. या 'कदरिया' म्हणवल्या गेलेल्या लोकांपैकी माबद अल-जुहनी आणि गैलान अद्-दिमश्की यांना जिवाची किंमत द्यावी लागली. स्वातंत्र्याचा प्रश्न तेव्हा असा फाशीच्या दोराजवळचा प्रश्न होता.

पुढे मुअतजिला आले. अल्लाह न्यायी आहे, मग माणसाला मोकळीक नसताना तो शिक्षा कशी देईल, असं ते विचारत. या मुअतजिलांच्या पंथात वाढलेले अबुल हसन अशअरी इ.स. ९१२ च्या सुमारास त्यांच्यापासून वेगळे झाले. त्यांनी सांगितलं, की कृत्य निर्माण करतो तो अल्लाह, पण ते कमावतो तो माणूस. हाच तो 'कस्ब'. अशअरी वारले ते इ.स. ९३६ च्या सुमारास, म्हणजे आपला ताम्रपट कोरला गेल्यानंतर दहाएक वर्षांत. त्याच काळात समरकंदला अबू मन्सूर मातुरीदी (मृत्यू इ.स. ९४४) माणसाच्या निवडीला अधिक जागा देणारी मांडणी करत होते. आपल्या कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मदरशांतून अशअरींचीच अकीदा प्रामुख्याने शिकवली गेली. तेव्हा बसऱ्याचा तो वाद आपल्याला परका नाही.

पण या वादात एक अडचण राहिली. जबर म्हणा, कदर म्हणा, कस्ब म्हणा, प्रश्न बहुतेक वेळा अल्लाह आणि एकटा बंदा यांच्यापुरता मांडला गेला. कृत्य कोणाचं, त्याचं की माझं? जणू दोन भागीदार एका धंद्यातला वाटा ठरवत आहेत. यात शेजारी कुठेच नाही. ज्याच्यावर कृत्य झालं तो माणूस या चर्चेत दिसतच नाही.

त्यापूर्वीच्या एका प्रसंगात मात्र तो दिसतो. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना तिकडे प्लेग असल्याची बातमी आली. ते सल्लामसलत करून परत फिरायला निघाले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता? हजरत उमर म्हणाले, होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे. आणि त्यांनी दृष्टांत दिला: दरीला दोन उतार आहेत, एक हिरवा, एक रखरखीत. उंट कुठेही चारलास तरी तकदीरीतच चारशील. पण हा प्रश्न विचारला गेला तेव्हा खलिफांच्या मागे लोक होते, त्यांच्या जिवाची जबाबदारी होती. धनगराच्या स्वातंत्र्याचा अर्थ त्याच्या उंटांवरून लागतो. एकट्या धनगराला हिरवा उतार काय आणि रखरखीत काय.

त्रिकोण

आपल्या उलमांनी हक्कांचे दोन भाग केले. हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क. आणि हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क. नमाज, रोजा पहिल्यात. दुसऱ्याचा पैसा, अब्रू, जमीन, मजुरी दुसऱ्यात. हे दोन वेगळे रकाने आहेत असं समजण्याची चूक आपण करतो. खरं तर हा त्रिकोण आहे. एका टोकाला अल्लाह, दुसऱ्या टोकाला मी, तिसऱ्या टोकाला माझ्यासारखाच दुसरा बंदा. मी आणि तो यांच्यातली रेघ तुटली, तर माझी आणि अल्लाहमधली रेघ सरळ राहत नाही.

सहीह मुस्लिममध्ये दिवाळखोराची हदीस आहे. पैगंबर (स.) यांनी सोबत्यांना विचारलं, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याजवळ पैसाअडका नाही तो. पैगंबर (स.) यांनी सांगितलं, की माझ्या उम्मतीतला दिवाळखोर तो, जो कयामतीच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेलं असेल. मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्या की त्यांची पापं त्याच्यावर टाकली जातील. इथे पाप हा डाग नाही. पाप हे देणं आहे, आणि देण्याला नेहमी एक घेणेकरी असतो.

म्हणूनच तोबा. या शब्दाचा अर्थ परतणं. शाफई पंथाचे मोठे इमाम नववी (१२३३–१२७७) यांनी तोबाच्या अटी सांगितल्या आहेत: पाप सोडणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय करणं. आणि जर ते पाप दुसऱ्या माणसाच्या हक्काशी निगडित असेल तर चौथी अट: त्याचा हक्क त्याला परत देणं, किंवा त्याच्याकडून माफ करून घेणं. ही चौथी अट आपण फार पटकन विसरतो. मुसल्ल्यावर रडून पहिल्या तीन अटी पुऱ्या होतात. चौथीसाठी उठून कोणाच्या तरी दारात जावं लागतं.

आता कोणी म्हणेल, कुरआन सांगतं दुसऱ्याचं ओझं कोणी वाहणार नाही. मग हा त्रिकोण कशाला? याचं उत्तर बुखारीतल्या जहाजाच्या हदीसमध्ये आहे. काही लोक जहाजात बसले. कोणाला वरचा मजला मिळाला, कोणाला खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावं लागे, वरच्यांना त्रास होई. खालचे म्हणाले, आपण आपल्या हिश्शात भोक पाडून पाणी घेऊ, वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसं करू दिलं तर सगळे बुडतील, हात धरला तर सगळे वाचतील. भोक पाडणाऱ्याचं ओझं भोक पाडणाऱ्याचंच. पण पाणी मात्र सगळ्यांच्या पायाखाली येतं. आणि हात न धरण्याचं ओझं वरच्यांचं, ते त्यांचं स्वतःचं आहे. शिवाय खालच्यांना पाणी का मिळत नव्हतं, वरच्यांना त्यांच्या येण्याजाण्याचा त्रास का वाटत होता, हेही विचारायला हवं. 'माझ्या हिश्शात मी काही करीन' हे स्वातंत्र्याचं वाक्य आहे. जहाजात मात्र ते बुडवणारं वाक्य ठरतं.

होडीची वाट

हे सगळं मनात घेऊन सुगतिपाच्या होडीकडे परत येऊ. या किनाऱ्यावर फुकट तर सुरू करणारा तो पहिला परका अधिकारी नव्हता. त्याच्या सुमारे आठशे वर्षं आधी शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपली दानं कोरून ठेवली. त्यात त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहाणुका या नद्यांवर पुण्यार्थ होड्या ठेवल्याचं सांगितलं आहे. दाहाणुका म्हणजे आपली डहाणूची नदी. शक आला, त्याने होडी ठेवली. ताजिक आला, त्यानेही होडी ठेवली. दोघंही राज्यकर्त्यांचे माणूस, दोघांचा धर्म आणि मुलूख वेगळा. पण खाड्यांच्या या मुलखात कारभार करायचा तर पैलतीराला जाणाऱ्याचा हक्क पहिला, हे दोघांनाही कळलं. होडीत बसणाऱ्याला नावाडी जात विचारत नाही असं नाही, पण फुकट होडीत बसायला ऐपत तरी लागत नाही. ज्याला नदी ओलांडता येत नाही त्याचं स्वातंत्र्य काठापर्यंतच. दुसऱ्याने ठेवलेल्या होडीने ते वाढतं.

आणि हे नातं एकतर्फी नव्हतं. राष्ट्रकूट राजाला अरब प्रवासी 'बल्हरा' म्हणजे वल्लभराज म्हणत. इस्तखरी लिहितो, की बल्हराच्या मुलखात मुसलमानांच्या जामे मशिदी आहेत आणि त्यांच्यावर कारभार पाहायला मुसलमानच नेमला जातो. मसऊदी इ.स. ९१६ साली सैमूरला, म्हणजे चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं आणि त्यांचा प्रमुख राजाच्या वतीने नेमलेला असल्याचं तो सांगतो. बलाजुरीने त्याच्या आधीची एक हकिगत दिली आहे. सिंदान हे शहर काही काळ मुसलमानांच्या ताब्यात होतं, ते हिंदूंनी परत घेतलं, पण तिथली मशीद त्यांनी मुसलमानांच्या नमाजासाठी तशीच राखली. हे सिंदान म्हणजे संजाण असं पुष्कळ अभ्यासक मानतात, काही जण ते कच्छकडे नेतात. पुढे २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झालं, तेव्हा पश्चिम आशियातून आलेल्या चकचकीत मातीच्या भांड्यांचे तुकडे तिथे निघाले. पारशी, अरब, गुजराती व्यापारी, ब्राह्मण, कोळी असं ते बंदर होतं.

चिंचणीचाच दुसरा ताम्रपट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला आहे. त्यात याच मठिकेची आणि शेजारच्या देवळाची, भिल्लमालच्या व्यापाऱ्यांच्या देवाची, जमिनीच्या भाड्याबाबत झालेली व्यवस्था नोंदवली आहे. दोन्ही देवस्थानं हिंदूंची. तरी जमिनीचा हिशोब लिहून ठेवावाच लागला. इ.स. १०३४ च्या तिसऱ्या ताम्रपटात मठिकेच्या दिव्यासाठी तेलाचा घाणा दिला आहे. शंभर वर्षं झाली, राजघराणं बदललं, पण सुगतिपाने ज्या मठिकेला गाव दिलं तिचा दिवा जळत राहावा अशी सोय करणारं कोणीतरी होतं.

सुगतिपाचा हिशोब

मग सुगतिप पापी की पुण्यवान? मी त्याचा हिशोब मांडतो, निकाल देत नाही.

त्याच्यावर राजाचा हक्क होता, कारण त्याने नेमणूक स्वीकारली होती. ती अमानत होती. त्याच्यावर रयतेचा हक्क होता, आणि रयत बहुतेक मुसलमान नव्हती. तिच्या कराच्या पैशातून तिच्या देवस्थानाला काही द्यावं, ही मागणी कारभाऱ्यापुढे आली तर ती केवळ त्याच्या इबादतीची बाब राहत नाही. त्याच्यावर अल्लाहचा हक्क होता. तो स्वतः देवीपुढे झुकला असं ताम्रपट म्हणत नाही. जमीन देणं आणि सजदा करणं या दोन गोष्टी आहेत. त्यांतली सीमारेषा त्याने मनात कुठे ओढली होती ते त्याच्या आणि अल्लाहमधलं आहे. त्या रेघेवर उभं राहून फतवा द्यायला आपल्याला कोणी नेमलेलं नाही.

पण सलोख्याच्या व्यासपीठावर न सांगितली जाणारी बाजूही या हिशोबात धरली पाहिजे. आसपासची बंदरं त्याने जिंकली. जिंकणं म्हणजे काय होतं, तिथल्या कोळ्यांचं, खलाशांचं काय झालं, हे ताम्रपटाला सांगायचं नाही. आणि कणाडुक गाव. ते दिलं गेलं, म्हणजे तिथे नांगर धरणाऱ्यांनी पिकवलेल्या धान्याचा वाटा यापुढे मठिकेकडे जाणार असं ठरलं. राजाची संमती घेतली, अन्नैयाची विनंती ऐकली, नऊ जणांच्या जेवणाची सोय झाली. नांगर धरणाऱ्याला कोणी विचारलं? या सगळ्या माणसांत ज्याच्या श्रमावर दान उभं होतं, त्याचंच नाव नाही. दान देण्याचं सुगतिपाचं स्वातंत्र्य या नाव नसलेल्या माणसाच्या स्वातंत्र्याच्या अभावावर उभं होतं. त्याला शिर्कचा जाब विचारणारे आणि हार घालणारे, दोघंही या नांगऱ्याकडे बघत नाहीत.

आपला हिश्शा

हा हिशोब अकराशे वर्षांपूर्वीच ठेवून देता आला असता तर सोपं होतं. पण चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात आज औद्योगिक वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याने समुद्र आणि खाडी बिघडली म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ साली लवादाने नुकसानभरपाई बसवली. 'माझ्या हिश्शात मी काही करीन' हे वाक्य इथे रासायनिक पाण्याच्या नळातून समुद्रात सोडलं गेलं. कारखान्यात काम करणारा, त्याचा मालक, त्याला परवाना देणारा, आणि तिथली वस्तू स्वस्तात विकत घेणारा मी, आम्ही सगळे वरच्या मजल्यावर. मासेमार खाली.

आणि घरात? आपल्याकडे वडील वारल्यावर तलाठ्याकडे एक कागद जातो, त्याचं नाव 'हक्कसोड पत्र'. नाव किती प्रामाणिक आहे पाहा. बहिणीचा वाटा कुरआनाने ठरवून दिला आहे, भावाच्या निम्मा. रूढीने बायकांचे हक्क बुडू नयेत म्हणून १९३७ साली शरीयत कायदा आला, आणि त्यातही शेतजमीन बाहेर राहिली. पण बहीण सही करते. 'तिने खुशीने सोडलं,' असं आपण म्हणतो. खुशीने? माहेरचं दार बंद होईल या भीतीने सही करणारी बहीण स्वतंत्र आहे का? सही तिची आहे, कस्ब तिचा आहे, पण दुसरा उतार आपण तिच्यासाठी ठेवलाच कुठे? तिला माहेरही मिळेल आणि जमीनही मिळेल अशी खात्री असताना तिने वाटा सोडला, तरच ते सोडणं. नाहीतर तो आपल्या डोक्यावरचा हक्क आहे, आणि नववींची चौथी अट आपली वाट पाहत उभी आहे. तिचं उत्तर मुसल्ल्यावर मिळणार नाही. तिच्या सासरच्या दारात मिळेल.

सुगतिपाने काय केलं हे तांब्यावर आहे. त्याची होडी केव्हाच बंद पडली, त्याचं अन्नछत्र उठलं, संयानची मठिकाही उरली नाही. पण पुढे येणाऱ्या माणसांना उद्देशून लिहिलेला त्याचा कागद उरला, आणि तो आपल्यापर्यंत, एका चिंचणी गावच्या मातीतून, पोचला. त्याच्या हिशोबाची वही आपल्या हाती नाही. आपली मात्र आहे, आणि तिच्यात घेणेकऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत.